सवलत गेली, सवय राहिली

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे आहेत. बदलापूरला राहतात, अंधेरी पूर्वेच्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकांच्या यंत्रणा चालू ठेवणं हे त्यांच्या टीमचं काम. घरी पत्नी, नववीतली मुलगी आणि ७४ वर्षांचे वडील. पत्नी शाळेत शिकवतात, वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मार्च २०२० पासून दोन वर्षं पत्रलेखक घरूनच काम करत होते. मग आठवड्यातले तीन दिवस ऑफिस सुरू झालं, आणि आता पाचही दिवस. सकाळी ६.५० ला घर सोडायचं, घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. रात्री नऊला घरी, जेवण, आणि दहाला पुन्हा लॅपटॉप उघडून ग्राहकांचा कॉल. झोपायला साडेबारा, उठायला साडेपाच.

ते लिहितात, "लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी बाबांसोबत गच्चीवर चहा व्हायचा. मुलीला सायकल शिकवली. ते संथ दिवस गेले, जुना वेग परत आला, आणि मला आता तो झेपत नाही. बाबा म्हणतात, आम्ही नाही का केलं? टीममधली पंचविशीतली मुलं सहा वाजले की बॅग उचलतात, त्याचा राग येतो आणि हेवाही वाटतो. मी आळशी झालोय का? राजीनामा देऊन घरून करता येईल असं काहीतरी बघू का? आणि एक बोचतं. त्याच काळात माझे मामा गेले, मला जाताही आलं नाही. आमच्या सोसायटीतली दोन माणसं गेली. तरी ते दिवस आठवले की बरं वाटतं. असं वाटणं चुकीचं आहे का?"

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो तुम्ही सगळ्यात खाली, घाईघाईत लिहिलाय, पण मला तोच सगळ्यात जड वाटला.

मामा गेले म्हणून तुम्हाला बाबांसोबतचा चहा मिळाला नाही. लोकल बंद होती म्हणून मिळाला. या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, एकीतून दुसरी घडली नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ज्या घरांत रेमडेसिव्हिरसाठी आणि ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्ररात्र फोन चालले होते, त्याच घरांत बापलेक पहिल्यांदा रोज एकत्र जेवत होते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि एक आठवली म्हणून दुसरीचा अपमान होत नाही. मला शंका वेगळीच आहे. मामांना तुम्ही शेवटचं पाहिलं नाही. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, दहावं-तेरावं कित्येक घरांत झालंच नाही, किंवा मोबाइलवर झालं. त्या दुःखाला जागाच मिळाली नाही, म्हणून ते त्या काळाच्या प्रत्येक आठवणीला चिकटून येत असावं. एखाद्या रविवारी मामींकडे जा. बाबांनाही सोबत न्या. मामांबद्दल बोला, तेव्हा येऊ शकलो नाही हे त्यांना तोंडानं सांगा. हे पाच वर्षांनंतर केलं तरी उशीर झालेला नसतो.

आता "संथ दिवस" या तुमच्या शब्दांकडे वळू.

तुमच्या पत्राच्या मधल्या भागात एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं. एप्रिल २०२० मध्ये ग्राहकांची सगळी माणसं एकदम घरी बसली, त्यांना घरून यंत्रणेत घेण्याचं काम तुमच्या टीमवर आलं, आणि तुम्ही कितीतरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होतात. हे संथ कुठे होतं? आयटी सपोर्टमधल्या माणसांसाठी ते महिने बहुधा त्यांच्या नोकरीतले सगळ्यात दमवणारे होते. तुमच्या एकट्याचीच ही गोष्ट नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी १६ महानगरांतल्या ३१ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मेल आणि बैठकांच्या नोंदी तपासल्या. लॉकडाऊननंतर कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता. बैठका आटोपशीर झाल्या होत्या, पण त्यांची संख्या वाढली होती. म्हणजे जग थांबलं असं आपण म्हणतो तेव्हा रस्ते थांबले होते, काम थांबलेलं नव्हतं.

मग तुम्हाला निवांत का वाटलं? माझ्या मते दोन कारणं आहेत. पहिलं उघड आहे, प्रवास. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. जूनच्या मध्यात सुरू झाली तीही अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली, आणि दोन डोस घेतलेल्यांना डब्यात पाय ठेवता आला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून. तुमचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन चार तासांचा. पुढे २७ देशांतली पाहणी झाली, त्यात घरून काम करणाऱ्याचे रोज सरासरी ७२ मिनिटं वाचतात असं दिसलं. भारतात हा आकडा ९९ मिनिटांचा आहे. तुमचे त्याच्या दुपटीहून जास्त वाचत होते. त्याच पाहणीतली दुसरी बाब अशी, की वाचलेल्या वेळातला सुमारे ४० टक्के वेळ लोकांनी पुन्हा कामालाच दिला.

दुसरं कारण तुमच्या पत्रात न सांगता आलंय. दिवसाचा क्रम तुमच्या हातात होता. रात्री दोनपर्यंत काम केलंत, पण संध्याकाळी पाच ते सहा गच्चीवर होतात. कोणी विचारलं नाही. माणूस किती तास राबतो याइतकंच, कोणता तास आपला आहे हे त्याला ठरवता येतं का, याला महत्त्व असतं. तुम्हाला आठवतो तो वेग कमी असल्याचा आनंद नाही, तो तास आपला असल्याचा आनंद आहे. हा फरक मी मुद्दाम धरून बसलेय, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. वेग कमी हवा असेल तर नोकरी सोडावी लागते. तास हवा असेल तर आधी तो मागून पाहता येतो.

आणि इथेच मला तुमच्या दुसऱ्या गृहीतकाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणता, जुना वेग परत आला. तो जुना नाहीये. २०१९ मधला तुमचा दिवस आठवा. तेव्हाही तुम्ही नऊला घरी पोचत होतात, पण घरी पोचल्यावर काम संपलेलं असायचं. तुमचं मशीन ऑफिसच्या टेबलावर होतं. रात्रीचा कॉल रात्रपाळीवाले घ्यायचे, तुम्हाला फोन आला तर काहीतरी मोठं बिघडलेलं असायचं. कामाचे निरोप मेलवर यायचे, व्हॉट्सॲपवर फारच क्वचित. महामारीत कंपनीनं घरी लॅपटॉप पाठवला, यंत्रणेत शिरायची सोय दिली, टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि ग्राहकाच्या सोयीनं रात्री दहाची बैठक ठरली. तेव्हा कुणालाच त्यात गैर वाटलं नाही, कारण सकाळी सातची लोकल पकडायची नव्हती. रात्रीचा एक तास दिला, त्याबदल्यात चार तास मिळाले होते. व्यवहार मान्य होण्यासारखा होता.

आता प्रवासाचे चार तास परत गेले. रात्रीचा तो तास मात्र कुणी परत दिला नाही, आणि तुम्हीही मागितला नाही. महामारीची सवलत संपली, महामारीची सवय राहिली. तुमचा आजचा दिवस २०१९ चा नाही आणि २०२१ चाही नाही, दोन्हींतली ओझी एकावर एक रचलेली आहेत. तो झेपत नसेल तर त्यात आळस कुठून आला?

ही गोष्ट तुमच्याच कंपनीत घडली असंही नाही. टाटा कन्सल्टन्सीनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीनं लोकांना पाच दिवस बोलावलं. बोलावण्यामागे कंपन्यांची स्वतःची कारणं आहेत, आणि त्यातली काही मला पटतातही. नवीन मुलांना शेजारी बसून शिकायला मिळतं, हे खरं आहे. पण बोलावताना हिशेब पुन्हा मांडायला हवा होता, तो बहुतेक ठिकाणी मांडला गेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवलं की कामाच्या दिवसात पूर्वी दुपारच्या जेवणाआधी आणि जेवणानंतर असे दोन भरतीचे काळ असायचे, आता काही लोकांच्या दिवसात रात्री दहाच्या सुमारास तिसरा दिसतो. तुम्ही त्या तिसऱ्या भरतीत रोज उभे आहात, पहिल्या दोन्ही पार करून.

आता बाबांबद्दल. "आम्ही नाही का केलं?" हे वाक्य तुम्हाला लागलंय. मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं, पण बाबांना खोटं पाडण्यासाठी नव्हे. त्यांनी केलं ते मोठंच होतं. वर्कशॉपमधलं अंगमेहनतीचं काम, तो आवाज, ती उष्णता, आणि वर लोकल. पण त्यांचं काम भोंग्यानं सुरू व्हायचं आणि भोंग्यानं संपायचं. फाटकाबाहेर पडलेला कामगार उद्या सकाळपर्यंत स्वतःचा असायचा. रेल्वेचा डबा दुरुस्तीला घरी आणता येत नाही. शिवाय १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, त्यावरच्या कामाला दुप्पट दर होता, आणि तो मिळवून द्यायला युनियन होती. तुमच्या पदाला यातलं काहीच नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातही व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरच्या लोकांना वगळलेलं आहे. टीम लीड हे पद त्यात बसवलं जाण्याची शक्यता बरीच. तुमच्या नेमणूकपत्रात पद काय लिहिलंय आणि कामाच्या तासांबद्दल काय म्हटलंय, हे एकदा काढून वाचा.

आणखी एक. बाबा कामावर होते तेव्हा घर आई सांभाळत होत्या, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. तुमच्याकडे दोघंही कमावते आहात. पिढ्यांची तुलना करायची तर घरातली सगळी माणसं धरून करावी लागते.

पण खरं सांगू? बाबांशी वाद घालू नका. एका प्रश्नानं सुरुवात करा: "तुम्हाला तो गच्चीवरचा चहा आठवतो का?" मला वाटतं, त्यांनाही तो हवाय. ७४ वर्षांचा माणूस दिवसभर घरात एकटा असतो. मुलगा रात्री नऊला येतो आणि दहाला दार लावून घेतो. "आम्ही नाही का केलं" हे त्यांचं म्हणणं तक्रार असेल, आणि ती तुमच्या आळसाविषयी असेलच असं नाही.

पत्नींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: "तिलाही तेव्हा बरं वाटत होतं." हे त्यांनी म्हटलंय की तुम्हाला वाटलंय? शाळेतल्या शिक्षकांनी ती दोन वर्षं फोन डब्याला टेकवून वर्ग घेत काढली. निम्म्या मुलांकडे फोन नाही, असलाच तर तो वडिलांचा, ते घरी येईपर्यंत गृहपाठ नाही. कामवाल्या मावशी येत नव्हत्या. चार माणसं तिन्ही त्रिकाळ घरात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ९७, असं दिसलं होतं, आणि ते सगळे घरात कोंडले जाण्याआधीचं वर्ष होतं. याच विषयावर मला बायकांची पत्रं येतात तेव्हा त्यांचा सूर तुमच्यापेक्षा पुष्कळदा वेगळा असतो. ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, असं त्या लिहितात. तुमच्या पत्नींना नेमकं काय वाटत होतं ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारा. कारण "घरून करता येईल असं काहीतरी" तुम्ही सुरू केलंत, तर ते त्यांच्याही घरात होणार आहे. तुमच्या गच्चीवरच्या त्या तासाची किंमत आत ओट्यापाशी कोणी मोजत असेल, तर पुढची घडी बसवताना ते आधी दुरुस्त व्हायला हवं.

आणि टीममधली ती मुलं. त्यांच्यातले काही जण २०२१ मध्ये नोकरीला लागले असणार, आपल्या झोपायच्या खोलीतून. पहिली वर्ष-दोन वर्षं त्यांना कामाला शेवट असतो हेच माहीत नव्हतं, आणि आता त्यांनी तो स्वतः आखून घेतलाय. राग येतो हे मी समजू शकते. त्यांनी सोडलेलं काम तुमच्या अंगावर पडत असेल तर तो रागही रास्त आहे, आणि मग कामाच्या वाटपाबद्दल बोलायला हवं. पण हेवा वाटतो हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, त्या हेव्याचं ऐका. आणि स्वतःला एक विचारा: रात्री अकराला तुम्ही त्यांना मेसेज टाकता का? टीम लीडनं "सहज आठवलं म्हणून" टाकलेला मेसेज समोरच्याला सहज वाटत नाही. निरोप लिहून सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवायची सोय मेलमध्येही आहे आणि 'टीम्स' या ऑफिसच्या ॲपमध्येही. आपण ज्या सवयीनं दमलोय, तीच आपल्याकडून खाली जाऊ नये, एवढं तुमच्या हातात आजही आहे.

आता राजीनामा. लगेच देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. बदलापूरच्या घराचा हप्ता चालू आहे, दोन वर्षांत मुलगी दहावीतून बाहेर पडून पुढच्या खर्चाला लागेल, ही कारणं तुम्हाला माहीतच आहेत. एक कारण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही: बाबांचा आरोग्य विमा. तो कंपनीच्या गट विम्यातून असेल, आणि बऱ्याच आयटी कंपन्यांत तसाच असतो, तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो संपतो. २०२४ पासून विमा कंपन्यांनी सगळ्या वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवणं अपेक्षित आहे, पण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ७४ व्या वर्षी हप्ताही भारी असतो. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची वाट असते, तिची चौकशी आणि अर्ज नोकरी सोडण्याआधी करावा लागतो. नोकरी बदलायचं ठरलं, तर नव्या ठिकाणी आईवडिलांना विमा आहे का हा प्रश्न पगाराच्या आकड्याबरोबरच विचारा.

गावी जाऊन तिथून काम करण्याचा विचारही तुम्ही ओझरता लिहिलाय. लॉकडाऊनमध्ये कोकणातल्या, साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत ओटीवर लॅपटॉप उघडले गेले. ज्यांचं जमलं त्यांच्या बाबतीत बहुधा आधी काम ठरलं होतं, नंतर गाव. आधी गाव ठरवून मग काम शोधलेल्यांची गोष्ट अवघड होते. नववीच्या मुलीची शाळा मध्येच बदलण्याचा तर विचारही नको.

म्हणून पहिली पायरी राजीनाम्याच्या बरीच अलीकडची आहे. दोन आठवडे एका साध्या वहीत रोजचा दिवस लिहा. प्रवास किती, डोकं लावून केलेलं काम किती, बैठका किती, नुसती वाट पाहणं किती. रात्रीच्या कॉलपुढे रोज एक खूण करा: आज माझ्यावाचून अडलं असतं का? हो किंवा नाही. माझा अंदाज आहे की बऱ्याच रात्री उत्तर "नाही" असेल, तुम्ही म्यूट करून ऐकत बसलेले असाल. पण माझ्या अंदाजाला वजन नाही, तुमच्या वहीला आहे.

ती वही घेऊन मॅनेजरशी बोला, आणि बोलताना मुद्दा दमण्याचा न ठेवता कॉलचा ठेवा. भारतात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्यांच्या सकाळी नऊला आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे ही बैठक त्यांच्या सकाळी आणि तुमच्या ऑफिसच्या वेळेला लागून बसू शकते. दहाची वेळ २०२० मध्ये पडली आणि नंतर कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही, असंही असेल. ग्राहक ऐकत नसेल तर दुसरा प्रस्ताव: कॉलची पाळी लावा, टीममधल्या तीन-चार जणांनी आलटून पालटून घ्यायचा, म्हणजे तुमच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोन रात्री येतील. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात न्याय्य: ज्या दिवशी रात्रीचा कॉल त्या दिवशी घरून काम. हा नियम तुमच्या एकट्यासाठी मागू नका, टीमसाठी मागा. मॅनेजरला वर उत्तर द्यायचं असतं, तेव्हा व्यक्तीपेक्षा नियम मांडणं त्यालाही सोपं जातं.

कामावर परिणाम होईल का, असं विचारतीलच. तेव्हा सांगण्यासारखा एक अभ्यास आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीनं १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. कामाच्या दर्जात आणि बढत्यांत फरक पडला नाही, नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशानं कमी झाले. २०२४ मध्ये हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. पूर्ण वेळ घरून काम करण्याची ही बाजू नाही, तुमची मागणीही तशी नसावी. तीन महिन्यांपुरता प्रयोग मागा, लेखी मेलनं, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख घालून.

हे चाललेलं असताना एक गोष्ट कुणाची परवानगी न घेता करता येईल. टीमच्या ग्रुपवर स्वच्छ लिहा: रात्री साडेनऊनंतर आणि रविवारी मी व्हॉट्सॲप बघणार नाही, यंत्रणा बंद पडली तर फोन करा. आणि ग्रुप खरोखर म्यूट करा. ज्याला खरी अडचण आहे तो फोन करतो. ज्याला नुसतं कळवायचं आहे तो सकाळपर्यंत थांबतो. पहिला आठवडा तुम्हालाच अस्वस्थ वाटेल, हात फोनकडे जाईल. पोर्तुगालनं २०२१ मध्ये कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क करण्यावर कायद्यानं बंधन घातलं, फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याबाबतचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर ही रेघ ज्याची त्यालाच ओढावी लागेल. ज्यांची नोकरी अशी रेघ ओढण्याइतकी पक्की नाही, त्यांनी एकट्यानं न बोलता चार सहकाऱ्यांनी मिळून बोलावं.

झोपेबद्दल मात्र मी थोडी कडक होणार आहे. तुम्ही पाच तास झोपताय. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये संयुक्त अहवाल दिला: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. ऑफिसचे दहा तास आणि रात्रीचा कॉल मिळून तुम्ही ५५ ला पोचताच, प्रवास न धरता. रक्तदाब आणि साखर या महिन्यातच तपासून घ्या. आणि रविवारीही मन उतरलेलंच राहतं असं तुम्ही लिहिलंय, ते आणखी काही आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरांशी बोला, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

हे पत्र अशाच पेचात असलेले इतर लोकही वाचतील, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं काम कधी घरी आलंच नव्हतं. नर्स, बेस्टचे चालक, वाणी, सामान पोचवणारी मुलं. त्यांना ना ती सवलत मिळाली, ना आज मागायची सोय आहे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि मोठा आहे, त्याला या पत्राच्या शेपटाला बांधणं बरोबर होणार नाही, म्हणून त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

तर क्रम असा धरा. या रविवारी मामी. सोमवारपासून वही. दोन आठवड्यांनी पत्नी आणि बाबांशी बोलणं, मग मॅनेजरला मेल. तीन महिन्यांत कॉल हलला, किंवा आठवड्यातले दोन दिवस जरी घरी मिळाले, तर गच्चीवरची संध्याकाळ त्या दोन दिवसांपुरती ठरवून टाका आणि त्या वेळेत बैठक घेऊ नका. काहीच हललं नाही, तर नोकरी बदलायचा विचार तेव्हा जरूर करा, पण हातात दुसरं पत्र आल्यावर राजीनामा द्या, तुमच्या हुद्द्याला नोटिशीचा काळ बहुतेक तीन महिन्यांचा असतो. शोध नवी मुंबईत ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांपासून सुरू करा. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर लोकलनं तिथे पोचायला बदलापूरहून तुम्हाला सध्याच्या प्रवासापेक्षा बराच कमी वेळ लागेल. पगार थोडा कमी मिळाला, तर रोजच्या वाचलेल्या तासांची किंमत त्यात धरून मगच नाही म्हणा.